थांबा चाचा

थांबा चाचा साइटवर आले की सगळ्यात आधी काहीही करायचे नाहीत. पोकलेन बंद पडून तीन तास झालेले, मालकाचे फोनवर फोन, मी घामाघूम, आणि हे गृहस्थ मोटारसायकल बाभळीच्या सावलीला लावून मशीनपासून दहा पावलांवर चक्क उकिडवे बसायचे. कोणी पान्हा पुढे केला, कोणी म्हणालं, "चाचा, पंपच गेला वाटते," की हात वर करायचे. "थांबा." कोणी इंजिन सुरू करून दाखवायला धावलं की पुन्हा, "थांबा ना बापा." अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत जिथे जिथे खोदकामाच्या मशिनी चालायच्या, तिथे सगळे त्यांना याच नावाने ओळखत. खरं नाव मला त्यांच्या घराच्या दारावरच्या पाटीवर दिसलं, तेही ओळख होऊन तीन वर्षं उलटल्यावर.

मी तेव्हा अमरावतीच्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. ऑफिस म्हणजे राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या खालची खोली, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट. काम एकच, मशीन उभी राहू द्यायची नाही. स्वभावही कामाला साजेसाच होता. बायको म्हणायची, तुमच्यासाठी चहा ठेवला तर उकळी यायच्या आत गाळून मागता. अशा माणसाच्या वाट्याला मिस्त्री यावा तो हा! पहिल्या भेटीत मी इतका चिडलो होतो की दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर शोधायला लागलो होतो.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापसाने भल्याभल्यांना लोळवलं होतं. पेपरात रोज एक-दोन गावांची नावं यायची आणि कशासाठी आलीत हे न वाचताही कळायचं. आम्ही नाव वाचायचो, आपल्या ओळखीचं कोणी नाही ना एवढं पाहायचो आणि पान उलटायचो. त्याच वर्षांत पोकलेनला मात्र बरकत होती. पाणी आटत गेलं तसं खोदकाम वाढत गेलं. नाले खोल करा, शेततळी खणा, जुने तलाव उपसा. सगळं उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत, कारण काळ्या मातीत एकदा पाऊस पडला की मशीन दिवाळीपर्यंत वावरात शिरत नाही. तेव्हा मशीन दिवसभर बंद राहणं म्हणजे काय, हे आम्हालाच माहीत.

आमची पहिली भेट परतवाड्याच्या अलीकडे एका नाल्यावर झाली. तिथे आमचा ऑपरेटर गजानन होता, गजू. मूर्तिजापूरकडचा, पंचविशीतला, अंगाने सडपातळ, तोंडाने अखंड चालू. हात मात्र सोन्याचा. बकेटच्या दाताने जमिनीवरच्या बाटलीचं बूच काढून दाखवायचा. त्याची मशीन रोज दुपारी अडीच-तीनच्या सुमारास अचानक बंद पडायची आणि सकाळी काहीच झालं नाही अशी सुरू व्हायची. दोन मिस्त्री येऊन डिझेलचे फिल्टर बदलून गेले. एक इंजिनीअर सकाळी लॅपटॉप लावून पाहून गेला, तर सकाळी मशीनची तक्रारच नव्हती. सगळ्यांचं एकमत झालं होतं की उन्हानं होतं.

चाचांनी मशीनला हात लावला नाही. गजूला समोर बसवलं आणि म्हणाले, "काल सकाळी उठला तवापासून सांग."

"उठल्यापासून? मशीन बंद पडली ते सांगू का चाचा?"

"ते मले दिसून राहिलं. तू उठल्यापासून सांग."

गजू सांगत गेला. तोंड धुतलं, मशीनला ग्रीस मारलं, अमुक इतकं खोदलं. "मंग जेवलो. पान्याची कॅन भरून आनली, सीटमागं ठेवली. मंग..."

"थांब. कॅन कुठं ठेवली?"

"सीटमागं ना चाचा. तिथं सावली राह्यते."

चाचा उठले, केबिनमध्ये चढले, सीटमागची पत्र्याची झाकणी काढली. कॅनच्या बरोबर खाली वायरींचा जोड होता आणि तो चिंब ओला होता. दुपारी कॅन भरायची, भरली की झिरपायची, झिरपली की मशीन बसायची. बाकी वेळ कोरडं. चाचांनी जोड उघडला, कापडाने पुसला, हिरवट गंज खरवडला आणि गजूच्या हातात कॅन दिली. "मशीन खोटं नाही बोलत बेटा, पन पुरं बी नाही सांगत. बाकीचं ड्रायवरच्या पोटात असते. ते काहाडा लागते." त्या दिवसापासून गजू त्यांचा भक्त झाला. चाचांबरोबर कधी हेल्पर नसायचा. जो ऑपरेटर असेल त्यालाच ते हाताशी घेत आणि काम करता करता शिकवत. गजू शिकला तेवढं कोणी शिकलं नसेल.

चाचांचा दुसरा नियम धुण्याचा. कुठलाही पाइप खोलायच्या आधी तो भाग ते डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुवायला लावत. साइटवर प्यायला टँकरचं पाणी आणि हे पाइप धुताहेत म्हणून मी एकदा ओरडलोही. त्यांनी शांतपणे चिमूटभर धूळ माझ्या डोळ्यांसमोर धरली. "इतकी आत गेली ना भाऊ, तं पंपाचा सत्यानाश. डोयात कुसय गेल्यावानी." खोललेले सुटे भाग ठेवायला ते घरून पांढरं कापड आणत. चाचींच्या जुन्या ओढण्या होत्या त्या. धुतलेल्या, घडी घातलेल्या, साबणाचा वास येणाऱ्या. काळ्या मातीत, तेलाच्या घाणीत ते पांढरं कापड पसरलं की गजू चपला काढून बसायचा. चाचा हसायचे, पण त्याला चपला घालायला कधी सांगितलं नाही.

तेलाचा दोष शोधायची त्यांची रीत मला फार आवडायची. एकदा मशीन चालताना डावीकडे ओढत होती, म्हणजे डावी साखळी मागे पडत होती. तिथेही पंपाचं निदान होऊन बसलं होतं. चाचांनी काय केलं, दोन्ही साखळ्यांकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्यांची अदलाबदल केली आणि गजूला म्हणाले, चालव. "आता उजवीकडं ओढलं, तं दोष वरून येऊन राहिला. डावीकडंच ओढलं, तं त्या मोटरच्या घरातलं भांडन आहे. तिथंच मिटवू." मशीन डावीकडेच ओढली. पंप वाचला. नळीतून तेल कुठे फुटतंय ते पाहायला ते कधी हात लावत नसत, लांब काठीला पुठ्ठा बांधून तो फिरवत. त्या जोराचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, हे त्यांनी कोणाच्या तरी हातावर पाहिलेलं होतं. कोणाच्या, ते सांगायचे नाहीत.

आणि शेवटचा नियम, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. चाचा कधीही डायरेक्ट करत नसत.

मशिनीवर जागोजाग संरक्षणाचे स्विच असतात. त्यातला एखादा बिघडला की घाईचा मिस्त्री त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून मोकळा होतो. स्विच गेला बाजूला, मशीन चालू. याला आमच्याकडे डायरेक्ट करणं म्हणतात आणि आमच्या भागात निम्म्या मशिनी त्याच्यावरच चालायच्या. चाचांना अशी तार दिसली की ती ते काढत. त्यासाठी बोलावलेलं नसलं तरी काढत आणि पुन्हा कोणी जोडू नये म्हणून खिशात घालून घेऊन जात. दोन ठेकेदारांनी यापायी त्यांना बोलावणं कायमचं बंद केलं होतं. "ज्यानं स्विच लावला तो का येडा होता?" एवढंच त्यांचं म्हणणं.

दर्यापूरकडच्या एका गावात आमचं शेततळ्यांचं काम होतं. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला दिलं तर जमीन पांढरी पडते. तिथे पावसाचं साठवलेलं पाणी हेच पाणी. अकरा तळी खणायची होती, चार उरली होती. मे संपला होता. पश्चिमेला रोज संध्याकाळी ढग जमायला लागले होते आणि ज्यांची तळी राहिली होती ती चार घरं रोज येऊन मशीनसमोर बसायची. बोलायची नाहीत, नुसती बसायची.

आणि मशीन मेली. इंजिन चालू, पण कुठलीच दांडी काम करेना. चाचा आले, बसले, गजूकडून सगळं ऐकलं. मग टेस्टचा दिवा घेऊन फ्यूजपासून सुरुवात केली. इथे करंट आहे, इथे आहे, इथे आहे, इथे नाही. ऑपरेटरच्या डाव्या हाताला एक लाल दांडी असते. उतरताना ती वर ओढली की इंजिन चालू असलं तरी मशीन जागची हलत नाही, कोणाचा चुकून धक्का लागला तरी नाही. त्या दांडीखालचा आगपेटीएवढा स्विच तुटला होता. निदान करायला वीस मिनिटं लागली. स्विच नागपूरहून यायला दोन दिवस लागणार होते.

"चाचा, डायरेक्ट करा," मी म्हणालो.

"नाही होनार भाऊ. मागवून घ्या. परवा येते."

"आणि तोवर पाऊस आला तर? या लोकांनी काय करायचं?"

"दिसून राहिलं मले. पन हा स्विच डायरेक्ट कराचा नाही. बाकी कोनताबी एकवेळ."

ती चार घरं ऐकत होती. मालकाचा फोन खिशात वाजत होता. मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. म्हणालो, "तुमचं काय जातं? तुम्हाला अकोल्यात नळ आहे. मला मिस्त्री पाहिजे, मौलवी नको." सगळ्यांसमोर म्हणालो. वयाने माझ्या वडिलांएवढ्या माणसाला. आज ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

चाचांनी पिशवीतून चार बोटं लांबीची तार काढली, दोन्ही टोकं सोलली आणि जोडली. मशीन चालू झाली. त्या चार घरांतली एक बाई रडायला लागली. चाचांनी गजूला जवळ घेतलं. "हे तार दोन दिवसाची पाहुनी आहे. परवा मी येतो, स्विच बसवतो अन् हे काहाडतो. तवर उतरतानी इंजिन बंद. चहाले उतरला तरी बंद. समजलं?"

"समजलं चाचा."

"माह्या डोक्याची शपथ घे."

गजूने घेतली.

स्विच मंगळवारी राजापेठेत आला. मी सही करून घेतला आणि मोटारसायकलच्या डिकीत टाकला. चाचांना फोन करायचा, ते येणार, बसून राहणार, मशीन अर्धा दिवस उभी राहणार. म्हटलं, हे तळं होऊ दे. ते झालं. म्हटलं, आता दोनच उरलीत. रोज साइटवर जाताना तो स्विच डिकीत असायचा आणि रोज मी तो तसाच परत आणायचो. असे चार दिवस.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शेवटच्या तळ्यावर काम चालू होतं. शेताच्या मालकिणीने चहा आणला आणि हाक मारली. गजू उठला. इंजिन चालूच होतं. गळ्यात उन्हासाठी बांधलेला दुपट्टा होता, त्याचं टोक मशीन फिरवायच्या दांडीत अडकलं. तो खाली साखळीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच मशीनचं वरचं अंग फिरलं. मी साठ फुटांवर उभा होतो. मी सगळं पाहिलं.

जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला.

तीन दिवसांनी अमरावतीच्या दवाखान्यात ठाणेदार जबाब घ्यायला आले. चाचाही अकोल्याहून आले होते. वॉर्डात गजूची खाट, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चाचा. गजू शुद्धीवर होता.

"तार कोणी जोडली?"

"मी."

"कोणी सांगितलं?"

"माह्या हातानं जोडली साहेब. सांगन कोन?"

"दोन दिवसांत काढणार होता म्हणे. का नाही काढली?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. खाली आवारात माझी मोटारसायकल उभी होती आणि स्विच अजून तिच्या डिकीत होता.

"राहून गेलं साहेब," चाचा म्हणाले. "विसरलो."

मी काही बोललो नाही. मुलगी दोन महिन्यांची होती, नोकरी जाईल, केस होईल, असं बरंच काही तेव्हा मनात होतं. ती कारणं खरी होती, पण आता ती सांगायलाही लाज वाटते. गजूने मान भिंतीकडे वळवली. घरी जाताना पेढी नदीच्या पुलावर थांबून मी तो स्विच पाण्यात टाकला. पाणी तरी कुठलं, डबकं होतं. स्विच चिखलात पडलेला वरून दिसत होता. मी पाहून निघून आलो.

प्रकरण यथावकाश मिटलं. चाचांनी मात्र त्या दिवसापासून पोकलेनला हात लावला नाही. अकोल्यातल्या जुन्या शहरात, घराच्या ओट्यावर ते कूलर आणि पंखे दुरुस्त करायला बसले. अकोल्याच्या उन्हाळ्यात त्या कामाला तोटा नाही. लांबलांबचे ऑपरेटर यायचे, हात जोडायचे. "मी आता मशीन नाही पाह्यत," एवढंच सांगायचे. ज्या माणसाने नुसत्या आवाजावरून पंपाचं आयुष्य सांगावं, तो कूलरच्या जाळीतलं गवत बदलत बसलेला मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा ओळख न देता पुढे गेलो.

गजूला मूर्तिजापूरच्या एका दालमिलच्या वजनकाट्यावर बसायचं काम मिळालं. चाचा दर महिन्याला एका रविवारी त्याच्या घरी जायचे. गजूची आई चहा द्यायची. गजू भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकदा मे महिन्यात त्यांचा पंखा बंद होता, चाचांनी तो दुरुस्त करून दिला. चाचा दारातून बाहेर पडले आणि आतून गजूचा आवाज आला, "बंद कर वं माय तो पंखा." हे मला पुढे चाचींनी सांगितलं. चाचा बाकी सगळं विसरतील, म्हणाल्या, हे नाही विसरत.

सात वर्षांनी चाचींचाच फोन आला. चाचांची किडनी गेली होती. त्या खारपाणपट्ट्यात फिरून पाणी पिणाऱ्या पुष्कळांची गेली. भेटून जा म्हणाल्या. मी गेलो. चाचा खाटेवर होते, अर्धे उरले होते. आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात मशीनवर घेत.

"सगळं तेच आहे भाऊ," मला म्हणाले. "पंप, फिल्टर, जानारी लाइन, येनारी लाइन. परवा नर्सबाईले म्हनलं, तुह्या लाइनीत हवा येऊन राहिली. तिनं पाह्यलं तं खरंच." हसताना त्यांना दम लागला. मीही हसलो. सात वर्षांनी आम्ही असं हसलो.

मग म्हणाले, "स्विच मंगयवारीच आल्ता ना तुमच्याकडं?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"नागपूरवाल्याले मीच फोन केल्ता. तो म्हने, पोचला, सही बी झाली."

"चाचा, मग तुम्ही तेव्हा ठाणेदारासमोर..."

"थांबा, आयका. तुमच्यासाठी खोटं बोललो असं समजू नका. मी बी घरीच बसलो होतो ना. मालूम होतं स्विच आला, मालूम होतं तार लागेल आहे. तरी नाही गेलो. तुमचं ते बोलनं लागलं होतं मले. म्हनलं, बलावतीन तं जाईन, नाही तं नाही. चार दिवस रुसून बसलो. या वयात. हे कोन्या तोंडानं सांगू? विसरलो म्हनलं, ते सोपं होतं."

चाची दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

"पन त्या पोराले तेच लागलं," चाचा म्हणाले. "पाय गेल्याचं नाही इतकं. चाचा विसरला, हे लागलं. मी सांगाले जातो तं आयकतच नाही, तोंड फिरवते. तुमी सांगा त्याले. स्विच तुमच्यापाशी होता अन् म्हातारा रुसला होता. दोनी सांगा. विसरला नव्हता म्हना. एकदा बोलला पाह्यजे माह्याशी. शिव्या देल्या तरी चालन."

मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "येत्या रविवारी जातो चाचा. नक्की."

त्या रविवारी मुलीच्या शाळेचं काहीतरी होतं. पुढच्या रविवारी निघालो होतो, बडनेऱ्यापर्यंत गेलोही. गजूचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि गाडी वळवली. तिसऱ्या आठवड्यात चाचींचा फोन आला. "भाई, मुर्तिजापूर गये थे क्या? पूछ रहे थे." म्हटलं, इस इतवार को पक्का. खरं सांगतो, मला सांगायचंच होतं. रोज सांगायचं होतं.

चौथ्या रविवारीही मी घरीच होतो. त्यानंतरच्या गुरुवारी पहाटे चाचा गेले. मी बातमी कळताच अकोल्याला गेलो, कबरस्तानात मूठभर माती दिली आणि तिथून थेट मूर्तिजापूरला दालमिलवर पोचलो. दुपार होती. काट्याच्या खोलीत गजू वजन लिहीत बसला होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. मला पाहून त्याने लिहिणं थांबवलं.

"चाचा गेले," मी म्हणालो. "आत्ता माती देऊन आलो."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मंगळवार, सही, डिकी, चार दिवस, पेढीचा पूल, चाचांचं रुसणं. काही लपवलं नाही. बाहेर तुरीचा ट्रक काट्यासमोर येऊन उभा राहिला होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता. गजूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हंजे विसरला नव्हता?" त्याने विचारलं.

"नाही."

"हे मले सांगा म्हनून त्यानं तुमाले कवा सांगतलं?"

"महिना झाला."

गजूने पुढ्यातलं रजिस्टर मिटवलं. मग म्हणाला, "मागच्या इतवारी त्याचा फोन आल्ता. दोनदा आल्ता. मी कट केला."

मला वाटलं तो मला शिव्या देईल, कुबडी उचलून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने खिडकीतून ट्रकवाल्याला हात केला आणि गाडी काट्यावर घ्यायला सांगितली. मी वाटेत उभा होतो, तो बाजूला झालो.